साहेबांची सवड

हिवाळ्यातील एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, पाणीपुरवठ्याचे नकाशे तयार करणाऱ्या एका खासगी कचेरीचे विभागप्रमुख आपल्या हाताखालील एका बाईंच्या घरी आजाऱ्याच्या समाचाराला गेले असता पुढील प्रसंग घडला.

कचेरीत त्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. अशा वेळी विचारपूस करणे विभागप्रमुख कर्तव्य मानीत. ते कुणावर आवाज चढवीत नसत, कुणाची रजा अडवीत नसत. सुचलेले काम मात्र सुचेल त्या क्षणी मोबाइलवरून कळवीत. न कळवले तर आपण विसरू, अशी त्यांना धास्ती वाटे. सुट्टीच्या दिवशी शेवटी ‘सवडीने पाहा’ असे आवर्जून लिहीत आणि माणुसकी राखल्याच्या समाधानात फोन खिशात टाकीत. आपल्या डोक्यावरचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून हात झटकण्याचा हा प्रकार आहे, असे त्यांच्या मनात कधी आले नव्हते. वाचकहो, तुमच्या-आमच्या तरी कुठे येते?

डॉक्टरांनी बाबांना काठीशिवाय चालण्याचा सराव सांगितला होता. तो जमला, तर अंघोळीला आणि शौचाला लेकीचा हात धरण्याची वेळ टळणार होती; त्यांचा सारा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता. पाहुण्यांसमोर खोलीच्या त्या टोकापर्यंत जाऊन दाखवण्याची त्यांना हौस आली.

“बघा साहेब, वर्षाच्या पोराची बरोबरी करतोय,” ते मिस्कीलपणे म्हणाले. “फरक इतकाच, की मी पडलो तर कुणी टाळ्या पिटणार नाही.”

ताईंनी त्यांचा लुळा हात घट्ट धरला आणि दोघे सावकाश निघाले. विभागप्रमुख कौतुकाने पाहत असतानाच त्यांना आठवले, की उद्याच्या नकाशातील एका पाइपचा व्यास पुन्हा तपासायला हवा. बापलेकीच्या मध्ये बोलणे बरे दिसणार नाही, असा सभ्य विचार त्यांनी केला आणि तेवढी ओळ फोनवर लिहून पाठवली.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर ताईंचा फोन वाजला. साहेबांच्या निरोपासाठी त्यांनी वेगळाच आवाज लावून ठेवला होता. ताईंची मान वळली, हात सुटला. बाबा गुडघ्यांवर कोसळले.

खरा घाव तर पुढेच होता! ताईंनी आधी वडिलांकडे पाहिले नाही. त्यांनी कावऱ्याबावऱ्या होऊन साहेबांकडे पाहिले. “सॉरी सर, लगेच बघते,” हे शब्द त्यांच्या तोंडून निघून गेले. मग भानावर येऊन त्या बाबांपाशी धावल्या.

विभागप्रमुखांना भुईने पोटात घ्यावे असे झाले. दोघांनी मिळून बाबांना खुर्चीत बसवले. हाड शाबूत होते, पण गुडघा सुजू लागला होता. सराव आता लांबणीवर पडणार, हे कुणी न सांगता सर्वांना कळले. निरोप आपलाच होता, हे विभागप्रमुखांनी कबूल केले; मात्र उत्तर आजच हवे असे आपण कधीच म्हटले नव्हते, हे शेपूटही त्या कबुलीला जोडले.

“दार ठोठावायचं आणि वर ‘उघडू नका’ म्हणायचं, हे कसं चालेल साहेब?” बाबा शांतपणे म्हणाले. “पगार, बढती तुमच्या हातात. तुमचा फोन वाजला की हिच्या ताटातलं निवतं, मी बोलत असतो आणि ही नुसती हं हं करते. तुम्ही विसरू नये, म्हणून हिनं सदा जागं राहायचं?”

आजवर किती घरांतले हात आपण असे सोडवले असतील, या विचाराने विभागप्रमुखांनी हातातला फोन बंद करून टाकला. अधिकाराच्या जागेवरून गेलेला निरोप कितीही गोड असो, तो हुकूमच असतो. आणि दुसऱ्याची विश्रांती ही आपली मेहेरबानी नसून त्याचा हक्क असतो, हे अधिकार हाती असलेल्याने आधी शिकायला हवे. कचेरीच्या वेळेबाहेर यापुढे कुणालाही एक ओळ पाठवणार नाही, असे त्यांनी खालच्या मानेने सांगितले.

“नाही सर, तुमची काही चूक नाही,” ताई घाईने म्हणाल्या.

बाबांनी लेकीला थांबवले.

“चूक यांचीच आहे,” ते म्हणाले. “तू ती अंगावर घेऊ नकोस, यांनाच घरी घेऊन जाऊ दे.”