चौऱ्याहत्तर इंचांची कंबर

इन्स्पेक्टर साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पाऊल न टाकता सहीशिक्का मारून लिहिलंत, की हरिप्रिया नावाच्या कामगार मुलीने ड्यूटीवर टूटू घातला होता, तो प्रेसमध्ये ओढला गेला आणि त्यापाठोपाठ तिचा हात गेला. चूक तिची. फाइल बंद. तो टूटू कुठून आला आणि कुठे गेला, ते आता ऐका.

हरिप्रियाचा बाप वेंकोबा, टेलर. चेन्नईत सैदापेट स्टेशनच्या भिंतीला टेकून त्याचं एका मशीनचं दुकान. तंजावरच्या मराठ्यांच्या फौजेत आपले पूर्वज तंबू शिवायचे असं तो छाती फुगवून सांगतो. खरंखोटं कुणी तपासलेलं नाही. स्वतः तो ब्लाउज शिवून पोट भरायचा. चार वर्षांमागे पेरुंगुडीच्या एका टॉवरमधली बॅले शिकवणारी बाई बारा टूटू शिवून मागायला आली. जाळीच्या कापडाचे आठ थर, कमरेशी घट्ट, आणि खाली कमळासारखा उमललेला आखूड झगा.

"हे घालून बसायचं कसं?" वेंकोबाने विचारलं.

"बसायचंच नाही," बाई म्हणाली. "नाचायचं."

तेरावा नमुन्याचा होता, तो त्याने दुकानाबाहेर टांगला आणि गल्लीला खूळ लागलं. रिक्षावाल्याच्या पोरीने तो शाळेच्या युनिफॉर्मवरून चढवला. इडलीवालीने नातीच्या पहिल्या वाढदिवसाला गुलाबी नेला. स्कूटरवर पुढे उभी राहिलेली एक पोर अशी फुगली, की बापाला समोरचा सिग्नल दिसेना. आडी महिन्यात, म्हणजे तमिळ आषाढात, मारियम्मनच्या देवळात आंबिलीच्या रांगेत तीन टूटू उभे होते. पुजारी हसला, पण त्याने कुणाला हाकललं नाही.

वेंकोबाच्या घरी नवरात्रात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात. सगळ्यांत वर तंजावरची डुलणारी बाहुली. तिला टिचकी मारली की मान एकीकडे डुलते, घेरदार झगा दुसरीकडे.

"बघ अप्पा," हरिप्रिया म्हणायची, "टूटू आपल्या घरीं पहिल्यापासूनच आहे. तुज उशिरा कळलं."

हरिप्रिया चोवीस वर्षांची. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात, तिथे पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर. तिच्या प्रेसला सगळ्या मुली अक्का म्हणायच्या. अक्का डोकं खाली घालते, वर करते, खाली घालते, त्या बाहुलीसारखी. फरक एवढाच, की अक्काचं डोकं ऐंशी टनांचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुध पूजा. हत्यारं धुवायची, चंदन-कुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वेंकोबाची कात्रीसुद्धा त्या दिवशी पाटावर झोपते. पूजेच्या आठवडाभर आधी हरिप्रिया सुतळीचा गुंडा घेऊन घरी आली.

"अप्पा, अक्काला एक टूटू शिवून दे. पिवळा. हें तिचं माप."

वेंकोबाने सुतळी टेपला लावली. चौऱ्याहत्तर. त्याने मापाच्या वहीत तारीख घालून लिहिलं: अक्का, कंबर ७४, उंची १४.

"ह्या बाईस नवरा कुठून आणूं?"

"नको आणूंस. एका दिवसांत चपटा करील त्याला."

बापलेक हसली. तसं हसणं त्या घरात पुन्हा झालेलं नाही.

पूजा झाली. नारळ फुटले, मशीनभोवती टूटू बांधला, मुलींनी अक्काच्या गळ्यात पडून फोटो काढले. दुपारी दोनला सुपरवायझर कृष्णस्वामी आला. तातडीची ऑर्डर आहे म्हणाला, चालू करा.

"सार, आज मशीन झोपलेली असते," हरिप्रिया म्हणाली.

"मशीनला झोप लागत नाही. तुम्हा पोरींना लागते. तो फ्रॉक काढ."

तिने टूटूच्या नाड्या सोडल्या. शेजारच्या मशीनवरच्या विद्यालक्ष्मीच्या स्टुलावर तो नीट घडी करून ठेवला. हे शॉपमधल्या अकरा जणींनी पाहिलं. तुम्ही एकीलाही विचारलं नाहीत.

आता सेन्सरचं. हात आत असला तर प्रेस खाली येऊ नये म्हणून समोर सेन्सर असतो. अक्काच्या सेन्सरची वायर दोन महिने तोडून ठेवलेली होती, कारण सेन्सरमुळे प्रत्येक ठोक्याला क्षणभर थांबावं लागतं आणि क्षण जमत गेले की माल कमी पडतो. साडेतीनला हरिप्रियाने एकदा पायडल दाबलं. अक्का दोनदा खाली आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा हात आत होता. निराळा आवाज आला नाही. पत्रा ठोकल्याचाच आला.

चार बोटं गेली. उरला अंगठा, आणि हातातून नळासारखं रक्त. हार कापायला आणलेली कात्री विद्यालक्ष्मीने उचलली, टूटूच्या जाळीच्या पट्ट्या कापल्या आणि मनगट दात लावून आवळलं. पोर त्या पट्ट्यांमुळे वाचली, असं हॉस्पिटलच्या डॉक्टरने वेंकोबाला सांगितलं आणि रक्ताने माखलेला टूटू पिशवीत घालून त्याच्या हातात दिला.

आठव्या दिवशी तुमचा रिपोर्ट आला. हरिप्रियाने तो डाव्या हातात धरून वाचला.

"अप्पा, बोटं गेलीं तीं गेलीं. पण चूक माझी म्हटलं म्हणजे मशीन बरोबर ठरली. सेन्सर तसाच. विद्या आजपासून अक्कावर बसते."

वेंकोबाने पिशवी घेतली, कात्री कमरेला खोचली आणि बस धरली.

कृष्णस्वामी केबिनमध्ये कॉफी पीत होता. "या पेरियवरे, वडीलधारे तुम्ही. दुःख समजतं. पण कारखाना ही काय नाचायची जागा आहे?"

वेंकोबाने टूटू टेबलावर पसरला. वाळलेल्या रक्ताने थर एकमेकांना चिकटून पापडासारखे कडक झाले होते. कमरेचा पट्टा तेवढा शाबूत.

"मशीनने ओढला म्हणतां. मशीन फाडते. ही कड कात्रीची आहे. बघा."

"कड-बिड मला कळत नाही."

"दाखवतों."

वेंकोबाने त्याची बाही धरली आणि मनगटापासून खांद्यापर्यंत कात्री सरकन चालवली. कातड्याला धक्का नाही. चाळीस वर्षांचा हात. "ही कापलेली." कात्री मिटून टेबलावर ठेवली. दुसरी बाही दोन्ही मुठींत धरून त्याने अशी ओढली की शिवण, बटणं, खिसा सगळं एकदम आलं. "ही फाटलेली. आता कळलं?"

कृष्णस्वामीने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. वेंकोबाचा एक दात टेबलावर पडला. त्याने तो पाहिलासुद्धा नाही. टूटूचा पट्टा उचलून कृष्णस्वामीच्या पोटाभोवती टाकला. एक वेढा झाला, दुसरा होत आला.

"तूं एवढा जाडा. तुला जवळजवळ दोनदा आला. माझ्या लेकीची कंबर सव्वीस आहे. हा तिने घातला कसा, सांग." आणि पट्टा आवळला. कृष्णस्वामीचे डोळे बाहेर यायला लागले.

मग सिक्युरिटीवाले आले. चौघं. पहिली काठी मानेवर, दुसरीने गळ्याजवळचं हाड मोडलं, त्यानंतर बूट. एकाने टूटू ऑइलच्या चिंध्यांच्या ड्रममध्ये कोंबला आणि काडी लावली. जाळीचं कापड, भक्कन पेटलं. वेंकोबाला पाय धरून शॉपमधून ओढत नेलं, तेव्हा त्याला अक्का दिसली. समोर विद्यालक्ष्मी. हात आत, हात बाहेर. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच मशीनकडे वळवली, कारण अक्कासमोर मान वळवायची सोय नाही.

त्याच्यावर केस आहे, जिवे मारण्याचा प्रयत्न. हत्यार कात्री. ती मिटून टेबलावर होती, हे त्या कागदातही नाही.

तरी मापाची वही दुकानात राहिली. त्या पानाची झेरॉक्स, पूजेच्या फोटोंसकट, तुमच्या ऑफिसात तीनदा पोचली. तीनदा तुमच्या शिपायाने पोच दिली. विद्यालक्ष्मी आज पहिल्या पाळीला आहे. तिला दहा बोटं आहेत, अजून.

चौऱ्याहत्तर इंचांची कंबर कुणाची, साहेब? ती पाळी संपायच्या आत लेखी उत्तर द्या.