पाणी थांबलं तेव्हा

मी एक जुना अंगरखा आहे. नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गोविंद सरांनी घट्ट सुती बनियनवर बारीक नळ्या स्वतःच्या हाताने शिवल्या आणि मी जन्मलो. माशांच्या टाकीचा छोटा पंप माझ्यातून बर्फाचं पाणी फिरवी. अंतराळवीराच्या पोशाखाखाली असाच अंगरखा असतो. बाहेर हवा नसल्यामुळे अंगाची उष्णता आतच कोंडते. ती हे पाणी वाहून नेतं.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी सातवीतल्या वल्लरीने मला घातलं. वरून रेनकोटच्या कापडाचा पोशाख आणि डोक्यावर मागून बंद होणारं शिरस्त्राण.

"सर, आत तर महाबळेश्वर झालंय!" ती आतून ओरडली. सगळे हसले.

मग प्रमुख पाहुणे आले. माईकसाठी प्लग लावायला जागा नव्हती. माईकवाल्या चिमाजीने माझ्या पंपाचा प्लग उपटला.

"दोनच मिनिटं हं सर. साहेब दोन शब्द बोलणारेत."

सरांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि होकारार्थी मान हलवली.

मित्रांनो, त्या दोन शब्दांना वीस मिनिटं लागली! पाहुणे बोलत असताना हलायचं नाही, असं मुलांना बजावलेलं होतं. वल्लरी हलली नाही. माझ्यातलं पाणी आधी कोमट झालं, मग तिच्या अंगाइतकं गरम. तिचं काळीज माझ्या नळ्यांवर आपटत होतं. "सर," ती पुटपुटली. बाहेर टाळ्या चालल्या होत्या. जिला गार ठेवायचं, तिलाच मी घट्ट आवळून बसलो होतो. मी हादरून गेलो.

ती कोसळली. शाळेच्या शिपाई लंकाबाई धावल्या.

"आरं, काढा ते डोक्यावरचं! पोरगी लालभडक झाली अन् तुमचं भाषण काय सरंना!"

शिरस्त्राण निघालं. ओले पंचे आले, डॉक्टर आले. संध्याकाळी वल्लरीने डोळे उघडून आईला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सर मला हातात घेऊन सगळ्या शाळेसमोर उभे राहिले.

"प्लग काढताना मी पाहत होतो. काय होईल तेही मला ठाऊक होतं. पाहुण्यांसमोर बोलायला मी लाजलो."



मित्रांनो, मला पुन्हा जरूर घाला. फक्त शेजारी एक जण असा उभा करा, जो कोणाच्याही भाषणात मोठ्याने ओरडू शकेल.