पाणसळीतले रेडिएटर

तळघराचं दार उघडलं आणि मला वास आला. करपलेल्या रंगाचा आणि भाजून निघालेल्या बिडाचा. एकतीस हिवाळे मी अमेरिकेतल्या बफेलो शहरातली जुनी घरं वाफेवर तापती ठेवते आहे, आधी वडिलांच्या हाताखाली आणि नंतर एकटीने. एवढ्या वर्षांत हा वास मला तीनदाच आला होता, आणि त्यातल्या एका तळघरात पुढे कुणी पाय ठेवला नाही.

"बॉयलर चालूच आहे," माझ्या मागून जिना उतरत रोमन कुखार्स्की म्हणाला, "पण वर काही पोचत नाही. तूच बघ, हालिना."

बर्नर भणभणत होता. बॉयलरच्या अंगावर काचेची एक नळी असते, तिच्यात निम्म्यापर्यंत पाणी दिसायला हवं. ती कोरडी ठाक होती.

"अरे, पाणी संपलं होय!" म्हातारा मला ओलांडून पुढे झाला आणि त्याचा हात पाण्याच्या नळाकडे गेला.

मी त्या हातावर फटका मारला. ऐंशी वर्षांच्या माणसावर मी हात टाकला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

"नळ सोडलात तर दोघंही जाऊ! बीड लाल झालंय. त्याच्यावर गार पाणी पडलं तर वाफ होऊन भिंत फोडेल."

जिन्याच्या डोक्याशी असलेलं लाल बटण मी धावत जाऊन बंद केलं. भणभण थांबली. बॅटरी घेऊन मी परत खाली गेले. पाणी कमी झालं की आग आपोआप विझवणारा एक डबा बॉयलरला असतो. त्याच्या दोन टोकांना तांब्याची तार पिळून कुणीतरी तो मुका केला होता.

"ही तार कुणी लावली?"

"मीच, काल. तो दर तासाला आग विझवायचा. नासका निघाला."

"नासका? तो बिचारा आपलं काम करत होता, आणि तुम्ही त्याचं तोंड बांधलंत!"

"ओरडतेस काय! झिग्मुंटची पोर ना तू? तो असा ओरडत नसे." म्हातारा कठड्याला धरून उभा राहिला. "चार वाजता हॉस्पिटलची बाई स्टेफाला घेऊन येणार आहे. खोलीत अडुसष्ट फॅरनहाइट असलं तरच तिला इथे ठेवणार, नाहीतर थेट त्या वृद्धांच्या घरी. पलंग राखूनसुद्धा ठेवलाय. माझी बहीण तिथे महिनाभरासाठी म्हणून गेली होती, हालिना. तिथूनच तिला पुरायला नेलं."

स्टेफानिया म्हणजे त्याची बायको. न्यूमोनिया होऊन तीन आठवडे ती हॉस्पिटलात होती. मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि घरात एक्कावन्न होतं.

पण एवढं पाणी गेलं कुठे? तळघरात ओल नव्हती. मी वर गेले आणि दारातच थबकले. वरच्या मजल्याची जमीन नवीकोरी होती. मेपलच्या फळ्या, कुठे फट म्हणून नाही.

"जुन्या फटींत धूळ बसायची," रोमन म्हणाला. "तिच्या छातीला ती कशी चालेल? नऊ दिवस खपतोय. रेडिएटर काढले, जमीन केली, परत बसवले." त्याने खिशातून छोटी पाणसळ काढून रेडिएटरच्या, म्हणजे वाफेने खोली तापवणाऱ्या बिडाच्या पेटीच्या, डोक्यावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. "पाचही असेच आहेत. शंभर वर्षं सगळे तिरके होते आणि कुणाला काही वाटत नव्हतं."

मी कपाळावर हात मारला.

"ते तिरकेच हवेत! ज्या नळाने वाफ वर येते त्याच नळाने पाणी परत खाली जातं. पलीकडचं टोक उंच नसेल तर ते जाईल कसं? सगळ्या बॉयलरचं पाणी तुम्ही इथे पाच पेट्यांत साठवून ठेवलंय. ठोके ऐकू येत नव्हते?"

"येत होते. कुणी घण मारल्यासारखे." तो पाणसळीकडे बघत राहिला. "बेचाळीस वर्षं सुतारकाम केलं. एक चौकट वाकडी बसवली नाही."

"तेच तर नडलं."

हे बोलायला नको होतं. पण राग आला की माझी जीभ माझं ऐकत नाही.

तो बाहेर गेला आणि दहा मिनिटांत ओकच्या दहा पाचरी घेऊन आला. एकसारख्या, रंधा मारलेल्या. आल्या आल्या त्याने पहार रेडिएटरखाली घातली.

"थांबा! आत्ता उचललात तर यातलं पाणी थेट त्या तापल्या बिडात जाईल."

"मग कधी?"

"बॉयलर निवेल तेव्हा. एक वाजेल."

"एक!" त्याने पहार आपटली. नव्या फळीला खोक पडली, त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही.

घर तापवायचं होतं आणि आम्ही बॉयलर निवायची वाट बघत बसलो. खाली जाऊन मी ती तार काढून टाकली. त्याने राईचा पाव कापला, पण खाल्ला कुणीच नाही. खिडकीच्या काचांवर आतून बर्फ धरायला लागलं. दर पाच मिनिटांनी तो उठून तापमान वाचायचा. पन्नास. एकोणपन्नास. सत्तेचाळीस. कोरडं तापलेलं बीड निवताना तडकतं, आणि हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

एक वाजता मी बॉयलरवर तळहात ठेवला, तर ठेववला. मग पाचही रेडिएटर उचलले. तो पहार दाबायचा, मी पाचर सरकवायचे. दर वेळी भिंतीतून पाणी खळखळत उतरल्याचा आवाज यायचा आणि म्हातारा कान देऊन ऐकायचा. खाली काचेत पाणी दिसायला लागलं. उरलेलं मी नळाने थेंबाथेंबाने भरलं, काचेवर पेन्सिलीने खूण केली आणि घड्याळ लावून वीस मिनिटं पुतळ्यासारखी उभी राहिले. पाणी हललं नाही. मी आग पेटवली.

अडीचला वरून आरोळी आली, "तापला! स्टेफाच्या खोलीतला तापला! आणि ठोका एक नाही, हालिना!"

मी हसले, खरंच हसले. मग काचेकडे पाहिलं. पाणी खुणेच्या बोटभर खाली होतं. मी पाणी सोडून ते खुणेपर्यंत आणलं. दहा मिनिटांत ते परत बोटभर उतरलं. अंगणात जाऊन वर पाहिलं तर धुराड्यातून पांढरीशुभ्र, जाड वाफ निघत होती. गार असताना मिटलेली चीर तापल्यावर उघडली होती आणि पाणी आत आगीवर पडत होतं.

रोमन खोलीत पलंगावर स्वच्छ चादर घालत होता. भिंतीवरच्या तापमापकात एकसष्ट दिसत होतं.

"बॉयलर तडकलाय," मी म्हणाले. "नवा मिळेल, पण बसवायला पाच दिवस लागतील."

तो वळला नाही. चादरीचा कोपरा त्याने नीट खोचला. "चारपर्यंत चालेल?"

चालला असता. दर दहा मिनिटांनी पाणी घालत मी तो चारपर्यंत ओढला असता, साडेचारपर्यंतसुद्धा.

"तू खाली पाणी घालत राहा. बाई येईल, अडुसष्ट बघेल, सही करेल आणि जाईल. पुढचं पुढे. हालिना, हात जोडतो."

"आणि सहा वाजता? त्या छातीने ती इथे या गारठ्यात बसेल? आत आग नीट जळत नाहीये, विषारी वायू घरभर होईल. ठेवू चालू? तुम्हीच सांगा!"

मी ओरडत होते आणि मला रडू येत होतं. म्हातारा पलंगावर टेकला. मग त्याने फोन काढला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज सगळ्या खोलीत घुमतो.

"स्टेफा, आज इथे येऊ नकोस. बॉयलर फुटला. मी फोडला."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुला त्या घरी नेतील. माझ्यामुळे. पाच दिवस."

"रोमन," ती म्हणाली, मधे थांबत, दम घेत, "नऊ दिवस झाले तू आला नाहीस. मला वाटलं, माझ्याशिवाय राहायची सवय करून घेतोयस."

"मी तुझी खोली करत होतो!"

"मी खोली मागितली होती का रे तुझ्याकडे?"

मी खिडकीकडे तोंड केलं.

"तिथे गरम असतं म्हणे," ती म्हणाली. "तू ये. रोज ये."

फोन बंद झाल्यावर तो उठला आणि कोट शोधायला लागला. कोट समोर खुंटीला होता, तरी त्याला दिसेना. मी तो काढून त्याच्या अंगावर चढवला.

"घर गोठेल," तो म्हणाला. "पाइप फुटतील."

"सगळं पाणी काढून टाकते. किल्ली द्या."

त्याने किल्ली दिली. मी बॉयलर बंद केला आणि आधी म्हाताऱ्याला गाडीत बसवून हॉस्पिटलात सोडून आले.