पिंपाच्या डोळ्यातून आलेला शब्द

"या दिव्यात मेलं काही तेजच राहिलं नाही," थोरली बहीण पुटपुटली. तिचं नाक माझ्यापासून चार बोटांवर होतं, म्हणून ती कुरकुर मला तेवढी ऐकू आली. दिवा कालच बदलला होता.

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. इंग्रजीतला, अलेज नावाचा. तुम्ही मला ओळखत नाही, यात तुमचा दोष नाही. इंग्रजी बोलणारेही मला क्वचितच ओळखतात. एका जाडजूड शब्दकोशात, शेवटाकडच्या एका पानावर माझं बिऱ्हाड आहे. वरच्या मजल्यावर अल्सर राहतो, खालच्या मजल्यावर अल्ना, म्हणजे हाताचं हाड. दुखणं वर आणि हाड खाली, असा माझा शेजार. तरी माझी तक्रार नाही.

माझं घराणं फ्रेंच, आणि मूळ पुरुष लॅटिन. लॅटिनमध्ये डोळ्याला ओक्युलस म्हणत. बटाट्याला जसे डोळे असतात, तसा मद्याच्या लाकडी पिंपालाही एक डोळा असे: बूच बसवायचं भोक. लाकडातून मद्य हळूहळू उडून जाई आणि पिंप आतल्या आत उणं होई. मग तळघरातले कामगार ते पुन्हा डोळ्यापर्यंत भरत. त्या भरण्यातून मी जन्मलो. पुढे इंग्रजीत आलो आणि भरणं मागेच राहिलं, उणेपण तेवढं माझ्या पदरात पडलं. भांड्यात जेवढी जागा रिकामी, तिचं नाव मी.

एके काळी बंदरांवर माझा मोठा मान होता. जकातीचे लोक पिंपात काठी घालून मला मोजत. पिंपं गेली, काठ्याही गेल्या. आता टाक्या बांधणारे तेवढे माझी आठवण काढतात, कारण ऊन तापलं की तेल फुगतं आणि वर मोकळी जागा नसेल तर टाकी फाटते.

माझा शब्दकोश ज्या टेबलावर असतो, त्याच्या दोन बाजूंना दोन बहिणी बसतात. तीस वर्षं यंत्रांच्या इंग्रजी माहितीपुस्तिकांचं मराठी भाषांतर करत आल्या आहेत. थोरली वाचून अर्थ सांगते, धाकटी टाइप करते. थोरलीचा एक नियम आहे: शब्द तोंडपाठ असला तरी उघडून पाहायचा, आणि पाहिला की त्याच्यापुढे शिसपेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायचा. मी तिला पहिल्यांदा भेटलो तेव्हा ती खूश होऊन म्हणाली होती, "ऐकलंस का गं, रिकाम्या जागेलासुद्धा नाव आहे."

"आपल्या खचाखच भरलेल्या कपाटात ते कधी लागायचं नाही," धाकटी म्हणाली होती.

माझ्यापुढे तेवीस ठिपके जमले. इतकी माया मला बंदरावरही मिळाली नव्हती. चोविसावा मात्र अल्सरपुढे पडला. पंचविसावा तर पानावरून उतरून टेबलावरच पडला. थोरली म्हणे, छपाई पुसट झालीय. धाकटीने तो ठिपका पाहिला, पदराने पुसला आणि संध्याकाळी नवा बल्ब आणला. महिन्याभरातला तिसरा. "आज मी वाचते, तुझा घसा बसलाय," असंही ती अधूनमधून म्हणू लागली. थोरलीचा घसा ठणठणीत होता.

आज दुपारी तेलाच्या टाकीची पुस्तिका संपवून कारखान्याला पाठवायची होती. पानावर छापलं होतं, टाकीत आठ टक्के अलेज ठेवा.

"तीन टक्के जागा मोकळी ठेवा," थोरलीने सांगितलं.

"तीन?"

"तीनच. मला काय दिसत नाही?"

धाकटीची बोटं क्षणभर थांबली. मग तिने तीन टाइप केलं. थोरली पाणी प्यायला उठली, तेव्हा धाकटीने मूळ पान ओढून घेतलं, पाहिलं, आणि दोनदा खट्ट आवाज झाला.

"काय बदललंस?" दारातून प्रश्न आला.

"काही नाही. स्वल्पविराम राहिला होता."

"स्वल्पविरामासाठी तू श्वास रोखत नाहीस. शब्दकोश दे इकडे."

नियमाप्रमाणे थोरलीने मला शोधायला घेतलं. अंदाजाने पान बरोबर उघडलं. बोट ओळींवरून खाली आलं, माझ्यावरून घसरलं आणि अल्नावर थांबलं. पेन्सिल टेकायला गेली आणि हवेतच राहिली. धाकटीने ते पाहिलं. मला हाक मारताच येत नाही.

मित्रांनो, जन्मभर रिकाम्या जागेचं नाव मिरवून मी एवढंच शिकलो आहे. उणं मोजलं तर त्याची सोय करता येते. उणं झाकलं की भरलेल्या टाक्या फुटतात. तुमच्या घरात कुणाचं काही उणं होत असेल, तर नुसते बल्ब बदलत बसू नका. जवळ बसा, विचारा.

धाकटी खुर्ची उचलून टेबलाच्या या बाजूला आली आणि थोरलीला खेटून बसली. "ताई," ती म्हणाली, "तिथे आठ होते."

थोरलीने चष्मा काढला, घडी घालून माझ्या पानावर ठेवला.

"आठ का तीन, मला कळलंच नाही," ती म्हणाली. "गेलं वर्षभर मी अंदाजानेच सांगतेय. मला दिसत नाही गं."