गाडी आत येईल एवढी वाट

नाहूरला गिरणी कामगारांनी मिळून उभारलेल्या सोसायटीत रत्नप्रभाबाईंचं बैठं घर होतं. घरापुढे अंगण, अंगणाला भिंत आणि भिंतीत माणूस अंग न चोरता जाईल एवढंच दार. ते दार काढलं तेव्हा सगळ्यांचे नवरे पाळीवरून चालत नाहीतर सायकलने यायचे. मोटारीचा विचार कोण कशाला करील?

सीताराम गेले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा सिद्धेश घोडबंदरला उंच इमारतीत राहायचा, बायको आणि छोटी प्रांजल यांच्यासोबत. रविवारी एकटाच यायचा. चहाचा कप हातात, पण जीव खिडकीबाहेर.

"आई, टोइंगवाले फिरतायत. उचलतील गाडी."

"आजचा दिवस राहा रे. घावने घालते."

"राहिलो असतो गं. गाडी आत घेता आली असती ना, तर नक्की राहिलो असतो."

बोलणारा बोलून गेला. ऐकणारीने ते पदराच्या गाठीला बांधलं, देवळातला अंगारा बांधावा तसं.

सोमवारी ती वॉर्ड ऑफिसला गेली. भिंत फोडून मोठं फाटक लावायचं, फुटपाथ उतरता करायचा, एवढंच तिचं मागणं. पण तिचं घर पडलं वळणावर. वळणाच्या इतक्या जवळ गाडीची वाट काढायला नियमात परवानगी नव्हती. घरात राहणाऱ्याचीच गाडी असेल तर मात्र साहेब सवलत देऊ शकतात, असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं. आधी जागेची पाहणी, मग सुनावणी.

शेजारच्या विद्याधरांची संमती लागत होती. ते भिंतीवर कोपर टेकून म्हणाले, "रत्नावैनी, गाडी कुठाय तुमच्याकडे? साधी सायकल नाही."

"माझ्या झिलाची आहे."

"तो इथे असतो कुठे?"

"म्हणून तर वाट काढतेय. तुम्ही सही करा, उगाच वकिली नको."

"करतो हो. हॉर्न वाजवायचा नाही, एवढं सांगून ठेवा त्याला."

पाहणीच्या दिवशी सकाळी तिने अंगण सारखं केलं. आदल्या रविवारी सिद्धेश चहा पीत असताना तिने गुपचूप बाहेर जाऊन त्याची गाडी सुतळीने मापली होती. त्या मापाने आता तिने रांगोळीची गाडी काढली, खरीखुरी, तेवढीच्या तेवढी. चाकांच्या जागी सवयीने हळदकुंकवाची बोटं उठवली. काढता काढता ओठांवर ओवी आली. गावी जात्यावर बसल्यापासून ओवी तिला अशीच यायची, न बोलावता:

अंगण झाडिते गं, झाडिते कोनाकोना,
माझ्या बाळाच्या गाडीला, देवा एक वाट दे ना.

पाहणीला अबोली नावाची तरुण इंजिनिअर आली. रांगोळीतल्या गाडीपाशी थबकली आणि हसली. "आजी, ही तर पार्क पण झाली."

टेप रांगोळीला लागू न देता तिने मापं घेतली. मग विचारलं, "घरात कोण कोण राहतं?"

"आम्ही चौघं," रत्नप्रभाबाई म्हणाली. "मी, मुलगा, सून, नात."

अबोलीने आत पाहिलं. दोरीवर एकच लुगडं वाळत होतं. ओट्यावर एकच ताट उपडं होतं.

पण बाई खोटं बोलली नव्हती. तिच्या गावी देवीच्या जत्रेला माणशी एक नारळ द्यायची रीत होती. सीताराम सगळा जन्म मुंबईत राबले, तरी गावच्या घरातून त्यांचा नारळ जायचाच. कुणी हटकलं तर सासू म्हणायची, "पोटापाठी गेलेलो माणूस घरातसून जाता काय?" या हिशेबात वाढलेली बाई. मुलाला ती घराबाहेर कशी मोजणार?

"मग सुनावणीला मुलाला घेऊन या," अबोली निघताना म्हणाली. "साहेब त्यालाच विचारतील."

सिद्धेश रजा टाकून आला. साहेब वयस्क होते, बोलायला मऊ. त्यांनी कागद बाजूला सारला.

"आई सांगतायत चौघं राहता. तुम्ही राहता का तिथे?"

सिद्धेशने आईकडे पाहिलं. "म्हणजे, येऊन-जाऊन असतो."

"येऊन-जाऊन नको. राहता का?"

सिद्धेशने मान ताणली, डोळे किंचित मिटले. रत्नप्रभाबाईंना तो चेहरा ओळखीचा वाटला. लहानपणी कडू काढ्याची वाटी पुढे केली की तो असाच व्हायचा. आता आईसाठी 'हो' गिळणार होता. गिळलाही असता.

"नाय, साहेब," ती मध्येच बोलली. "तो थंय घोडबंदराक रवता. हय येता."

साहेबांनी कागद पुन्हा पुढे ओढला. "मग सवलत नाही देता येणार, आजी."

"नका देऊ."

बाहेर आल्यावर सिद्धेश म्हणाला, "मी हो म्हणणार होतो."

"म्हायत हा माका."

"मग?"

"तू हो म्हटलं असतंस, मी भिंत फोडली असती. मग रोज त्या उघड्या जागेकडे बघत बसले असते. त्यापेक्षा भिंत बरी. तिच्याकडे बघून कोण वाट बघत नाही."

त्याचे खांदे सैल झाल्याचं तिला दिसलं. साहेबांच्या नकाराने जे दुखलं नव्हतं, ते त्या सैल झालेल्या खांद्यांनी दुखलं.

तो तिला सोडायला आला. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून त्याने इंजिन बंद केलं. "बस जरा. घाई नाही."

पुढच्या सीटवर ती पहिल्यांदाच बसली होती. काचेतून गल्ली वेगळीच दिसत होती, जरा परक्याची. तो प्रांजलच्या पडलेल्या दाताविषयी बोलला, लिफ्ट बंद पडते त्याविषयी बोलला. एकदा म्हणाला, "तूच चल ना तिकडे."

"तिकडे कुणी विचारलं घरात किती माणसं, तर काय सांगतोस रे?"

"तिघं," तो म्हणाला. सहज. मग थांबला. "म्हणजे, आई, तसं नाही..."

"असू दे. बरोबर सांगतोस."

मागून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. सिद्धेशने आरशात पाहिलं. "रविवारी येतो."

"ये."

ती उतरली. दार हळूच लावलं, आपल्या घराचं लावावं तसं. ते नीट बसलं नाही. गाडीतला दिवा पेटलेलाच राहिला.

"आई, जोरात लाव."

तिने पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. टेम्पोवाला शिव्या द्यायला लागला. तेव्हा सिद्धेश आतून वाकला, हात लांब केला आणि दार स्वतःच ओढून घेतलं.