कोवळ्या कानांचा पैलवान

या माउलींनो, टाळ जरा खाली ठेवा आणि असे जवळ सरकून बसा. केशोरीच्या मंडईतली एक गोष्ट सांगतो.

इंग्रजांचं राज्य होतं. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या साली केशोरीत कुस्तीला बक्षीस म्हणून चांदीचं कडं लावलं होतं. जिंकेल तो अख्ख्या झाडीचा मल्ल. गावचा उदेभानच जिंकणार, असं लहानथोर बोलून राहिले होते. हत्तीसारखा देह, प्रत्येक कुस्ती चुटकीसरशी निकाली. बाया म्हणत, "रूप तं पाहा, कानसुदिक कसे कोवळे!"

नेमके ते कान पाहूनच त्याचे गुरू यादोराव उस्तादांचा जीव खालीवर होई. खाली रगडल्या गेलेल्या पैलवानाचे कान चुरगळून गाठाळतात. तालमीत उदेभानच्या वजनाचा कोणी नव्हताच; त्याला खाली घेणार कोण? आणि समोर गोंदियाचा मुन्नालाल, खालच्यानं मान वर काढली की तिच्यावर बसणारा. दोन गड्यांच्या माना त्यानं कायमच्या वाकड्या केल्या होत्या.

उदेभानची आई वच्छला दारात येऊन म्हणाली, "उस्ताद, एकच लेकरू हाये मायं. नेता तसाच आणजा."

मंडईच्या सकाळी उस्तादांनी जंगलात ओंडके ओढणाऱ्या फागूला तालमीत बोलावलं. बुटका गडी, पण दगडासारखा जड. "याले खाली घे अन् बसून राहा."

उदेभान हसला. "फागूदादा, चेंदामेंदा होशीन ना गा!"

"झालो तं माये ओंडके तू ओढजो," फागू म्हणाला आणि वाकून त्यानं पायच उचलला. उदेभान तोंडावर आला. पाठीवर फागू बसला. आधी पोरानं जोर लावला, मग हातपाय झाडले, मग डोळे मिटून मान वर काढली. मुन्नालालला नेमकी तीच हवी असायची.

"मान खाली! खाली ठेव, बापू!" उस्ताद ओरडले. उदेभानला ऐकूच आलं नाही. तो आईला हाका मारत होता.

सुटल्यावर माती झटकत म्हणाला, "पाय घसरला. मैदानात नाई घसरनार."

मैदानापर्यंत वाटभर उस्ताद नामस्मरण करत चालले, पण छातीतली धडधड काही केल्या नामाशी जुळेना.

हलगी कडाडली. मुन्नालालनं मांडी थोपटली. उस्ताद मैदानात गेले, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि पंचांना म्हणाले, "आमची जोड नाही. पोरगा कच्चा आहे. कडं मुन्नालालचं."

"काऊन भेला बे म्हाताऱ्या!" गर्दी उसळली. ढेकळं आली. मुन्नालाल हसला, "क्या उस्ताद, शेर को घर में ही बाँध दिया?"

उदेभान उस्तादांसमोर येऊन उभा राहिला. "मारून टाकलं तुमी मले, उस्ताद." तो निघून गेला. वच्छला त्याच्यामागे धावली. उस्तादांकडे पाहायचंही तिला सुचलं नाही.

त्या दिवसापासून यादोरावांच्या तालमीत कोणी पोर पाठवलं नाही. उदेभान मात्र सरळ मानेनं धान रोवत म्हातारा झाला. माउलींनो, आरतीला हात जोडाल तेव्हा त्या यादोराव उस्तादांची तेवढी आठवण ठेवा.