तेवीस नंबरचा पिंजरा

सोमवारी सकाळी वृषाली खांबेटेनं तेवीस नंबरचा पिंजरा उघडला, तेव्हा आत उंदराऐवजी तिची आई बसली होती. आई लहान झाली नव्हती आणि पिंजराही मोठा झाला नव्हता. ती त्यात मावली होती, एवढंच. तिच्या मोतिया साडीच्या पदराला भुसा चिकटला होता.

नागपूरच्या या प्रयोगशाळेत वृषाली नऊ वर्षं स्मृतिभ्रंशाच्या उंदरांवर काम करत होती. आजार त्यांच्या अंगात जन्मापासूनच घातलेला असे. आठवण जायच्या कितीतरी आधी त्यांना वास येईनासा होतो, हे तिनं स्वतः मोजून सिद्ध केलं होतं.

"मॅडम, तेवीसला वास येत नाही," पिंजऱ्यांची देखभाल करणारे मेश्रामकाका म्हणाले. त्यांनी आईकडे नीट बघितलं होतं. "टेस्ट लावायची ना?"

नको म्हणता आलं असतं. पण मग ही कोण, ते सांगावं लागलं असतं.

"लावा," वृषाली म्हणाली.

काकांनी भुशाखाली करंजीचा तुकडा पुरला. धडधाकट उंदीर असा तुकडा मिनिटभरात हुडकून काढतो. आई ओणवी झाली. ही बाई एकेकाळी शेजारणीचं दूध करपतंय हे अंगणातून ओळखायची. तुकडा पुरला होता त्या जागेवरून ती दोनदा तशीच पुढे गेली.

"वृषा, काय शोधायचंय ते तरी सांग गं."

टेस्ट चालू असताना बोलायचं नसतं. वृषाली घड्याळाकडे बघत राहिली. तीनशे सेकंद झाले. तिनं वहीत आकडा लिहिला, आणि तिच्या मागची भिंत एक फरशी पुढे आली.

मग काकांनी कापूस दिला. बरा उंदीर कापूस पिंजून घरटं करतो, आजारी उंदीर त्याला हात लावत नाही. आईनं कापूस मांडीवर घेतला आणि तळहातावर वाती वळायला सुरुवात केली. एकीसारखी दुसरी.

"घरटं नाही," काका म्हणाले. "पाचापैकी एक गुण."

"वाती आहेत त्या, काका."

"तक्त्यात वातींचा रकाना नाही, मॅडम."

वृषालीनं एक लिहिला. भिंत आणखी पुढे आली. दार टेबलाच्या मागे अडकलं. काका अंग चोरून उभे राहिले.

दिवाळीत ती वर्ध्याला गेली होती. स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं, कढईतली फोडणी काळीठिक्कर पडली होती, आणि आई शांतपणे ती हलवत विचारत होती, "लसूण घालू की नको?" वृषालीनं खोकत खोकत गॅस बंद केला. त्याच क्षणी तिला कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, तिला कळलं. त्या दिवशी भिलाईहून दादाचा फोन आला. आई बरी आहे ना, असं त्यानं विचारलं. "बरी आहे रे, वय झालंय," ती म्हणाली. जास्त बोलली असती तर आईची बॅग तिच्याच घरी आली असती. दुसऱ्या दिवशी कामाचं निमित्त सांगून ती पहिल्या बसनं निघून आली.

तिचे कान तापले. काका ऐकत होते, तरी ती पिंजऱ्यावर वाकली.

"आई, मला दिवाळीतच कळलं होतं."

"मलाही," आई वाती वळत म्हणाली. "तू गॅस बंद केलास आणि माझ्याकडे बघायचं टाळलंस ना, तेव्हा. म्हटलं, पोरीला अवघड जातंय, आपण कशाला काढा विषय."

भिंत आता वृषालीच्या पाठीला टेकली होती. वही उघडायलाही जागा उरली नव्हती.

"मॅडम, खूण राहिली," काका म्हणाले. टेस्ट झालेल्या उंदराच्या शेपटीवर पेनानं रेघ मारायची असते.

"हिला शेपूट नाही, काका."

"मग हातावर करा."

आईनं वाती बाजूला ठेवल्या. कासारासमोर धरावा तसा तिनं हात पुढे केला, अंगठा आत मुडपून, बोटं जुळवून, आणि दुखेल म्हणून मान दुसरीकडे वळवली.

वृषालीनं पेनाचं टोपण काढलं.